एकोणीस पायऱ्यांचा कठडा

इस्रायलमधल्या सरकारी कचेरीत मराठीतून अर्ज करणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला. फूलस्केप कागद, डावीकडे दोन बोटं समास, निळी शाई, आणि वर लिहिलेलं, "मेहेरबान इंजिनीयरसाहेब यांचे सेवेशी, खाली सही करणार याचा सविनय अर्ज ऐसाजे." सविनय हा शब्द तेवढा हाताच्या सवयीने येई. पुढच्या ओळीपासून विनय शोधूनही सापडत नसे.

गावाचं नाव मी लिहीत नाही. रामल्याहून बसने अर्ध्या तासावर, एवढं पुरे. त्या कचेरीतली काही माणसं अजून आहेत, त्यांची मुलंबाळं आहेत. सत्तरच्या दशकात मी तिथे बांधकाम खात्यात कारकून होते. वय तेवीस. आम्ही मराठी बोलणारे ज्यू, दहाव्या वर्षी आईवडिलांबरोबर मुंबईहून आले होते. वडील सिमेंटच्या कारखान्यात होते आणि घरात सरकारी नोकरी लागलेली मी पहिली. दर शुक्रवारी शब्बाथचा दिवा लावताना आई त्या नोकरीसाठी म्हणून वेगळं काहीतरी पुटपुटायची.

पहिला अर्ज आला तेव्हा टपाल बघणाऱ्या बाईने तो चुकून आलेला समजून बाजूला ठेवला. आठवड्याने अर्जदार स्वतः आला. उंच, काटकुळा, साठीच्या पुढचा, खाकी पँट, डोक्यावर काळी टोपी, शर्टाच्या खिशात घडीची लाकडी फूटपट्टी. आणि काखेत एक स्टूल. कचेरीत लोकांना बसायला बाक होता, पण तो एका अंगाला कललेला आहे असं त्याचं म्हणणं होतं, म्हणून तो बसायला स्वतःचं स्टूल घेऊन आला होता. ते त्याने खिडकीसमोर मांडलं, बसला आणि मोठ्याने मराठीत विचारलं, "हितं वाचता येणारं कोणी हाय काय?"

साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. त्या दिवसापासून मेस्त्रीमामांची फाइल माझ्या टेबलावर आली.

त्यांना सगळे मेस्त्रीच म्हणत. अलिबागेकडचे, मग मुंबईच्या गोदीत तीस वर्षं जहाजावरचे सुतार. इथे आल्यावर त्यांना संत्र्यांची खोकी करण्याच्या कारखान्यात लावलं. दिवसभर फळीला फळी लावून खिळे ठोकायचे. निवृत्त होईपर्यंत त्यांनी ते काम केलं, पण त्याला सुतारकाम म्हणायला ते तयार नसत. त्या नोकरीनंतर त्यांनी खिळ्याला हात लावला नाही. घरातलं टेबल, खाट, कपाट, ते स्टूल, सगळं खाच आणि पाचर यांवर उभं. दाराच्या चौकटीवर लावतात ती धर्मवचनांची डबी, मजूजा, तीसुद्धा त्यांनी लाकडी खुंट्यांवर बसवली होती.

"मामा, हिब्रूत का लिहीत नाही? मी लिहून देते," मी पहिल्याच दिवशी म्हटलं.

"हिब्रू दोन हजार वर्सं कपाटात होती. ती काढून तुम्ही चालवताव. माजी मराठी एक दिवस कपाटात गेली नाय. ती का चालू नये?"

मग फूटपट्टी काढून त्यांनी माझ्या टेबलाची उंची चारही बाजूंनी मोजली, खाली वाकले, बसच्या तिकिटाची घडी करून एका पायाखाली सरकवली आणि म्हणाले, "आता लिही."

मोजणं हा त्यांचा श्वास होता. वाण्याकडे गेले तर पावाची लांबी मोजत. सिनगॉगमध्ये नवीन कपाट आलं तर प्रार्थनेआधी त्याचा दरवाजा दोनदा उघडून बघत. शनिवारी शब्बाथला काम वर्ज्य, फूटपट्टी घरी ठेवावी लागे, त्यामुळे त्या दिवशी रस्त्याने जाताना आपले हात कुठे ठेवावेत हे त्यांना समजत नसे. पाठीमागे बांधून, पुन्हा सोडून, पुन्हा बांधून ते चालत.

त्यांचा अर्ज कठड्यासाठी होता.

ते जुन्या बाजाराच्या मागे एका दगडी घरात वरच्या मजल्यावर राहत. खाली बंद पडलेलं गोदाम. वर जायला भिंतीला लागून बाहेरून एकोणीस पायऱ्या, मधे झिजून गुळगुळीत झालेल्या, उघड्या बाजूला काही नाही. आदल्या हिवाळ्यात पावसाने ओल्या झालेल्या पायरीवरून मामी घसरल्या आणि खाली पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. दोन महिन्यांनी इस्पितळातून घरी आल्या, काठी धरून घरात चालू लागल्या, पण जिन्याच्या तोंडाशी आल्या की दाराची चौकट सोडत नसत. तेव्हापासून त्या खाली उतरल्या नव्हत्या. मी त्यांना भेटले तेव्हा चौदा महिने झाले होते.

साधं काम होतं. कुठल्याही नवीन वसाहतीत असतं तर एका दिवसात झालं असतं. पण ते घर गावच्या यादीत होतं. तुर्की अमदानीतल्या दहाबारा इमारती समितीने जतन करायच्या म्हणून लिहून काढल्या होत्या. यादीतल्या घराच्या दर्शनी भागाला हात लावायचा नाही. खिडकी बदलायची नाही, रंग द्यायचा नाही, नवीन काही जोडायचं नाही. फारच गरज असली तर समितीची परवानगी घ्यायची, आणि परवानगी मागायची मालकाने.

मालक मेस्त्रीमामा नव्हते. अठ्ठेचाळीस सालच्या लढाईनंतर ते घर सरकारजमा झालं होतं आणि एका घरांच्या कंपनीकडे होतं. मामा कंपनीचे भाडेकरू. कंपनी म्हणे, कठडा देणं आमच्या करारात नाही. समिती म्हणे, मालक मागत नाही तोवर आम्ही बघत नाही. मामांचे अर्ज दोन्हीकडे जात आणि दोन्हीकडून परत येत. मी ते भाषांतर करून करून थकले. एका अर्जाचा शेवट मला अजून पाठ आहे: "अर्जदाराने दारास मजूजा लाविली आहे. तोही फेरबदल धरावयाचा असल्यास कळवावे, म्हणजे वर कोणास जबाबदार धरावे ते अर्जदार रब्बींस विचारील." मी ते वाचून दाखवलं तेव्हा सगळी कचेरी हसली. साहेब हसले नाहीत. ते रुमानियाहून आलेले, रक्तदाबाच्या गोळ्या खाणारे, वाईट नसलेले गृहस्थ होते. "याला सांग," ते म्हणाले, "मला निवृत्तीला चार वर्षं आहेत."

मी निरोप दिला. मामा म्हणाले, "त्यांना म्हणावं, माज्या बायकोला किती हायत ते मला म्हाईत नाय."

मग त्यांनी नियमाच्या पोटातूनच वाट काढली. नियमात शब्द होता "जोडणे". त्यांनी सरूच्या लाकडाचा असा एक कठडा केला की तो भिंतीला, पायरीला कुठेच जोडलेला नव्हता. पायऱ्यांच्या कडांना चिमट्यासारखा धरून पाचरींवर उभा. इन्स्पेक्टर आला, त्याने सात दिवसांत काढा अशी नोटीस चिकटवली. मामांनी त्याच्यासमोर लाकडी मोगरीने पाचरी उडवल्या, कठडा उतरवून भिंतीशी रचला आणि त्याला पाणी विचारलं. इन्स्पेक्टर कचेरीत जाऊन टेबलाशी बसायच्या आत कठडा पुन्हा उभा. पुढच्या खेपेला तो घड्याळ लावून थांबला. "किती लागली?" मामांनी विचारलं. "अकरा मिनिटं," इन्स्पेक्टर म्हणाला. मामांना ते फार वाटलं. त्यांनी दोन पाचरी कमी करून ते साडेआठवर आणलं.

गावभर त्याची गंमत झाली. पण मामींना त्याचा काही उपयोग नव्हता. पहिल्या पायरीवर उभं राहून त्यांनी एकदा त्या कठड्याला हात लावला, तो जरासा हलला, आणि त्या मागे फिरल्या.

मी कागद घेऊन घरी जाई तेव्हा मामी घावन करत. एकदा मामा खाली गेलेले बघून त्या माझ्याजवळ बसल्या. लहानखुऱ्या, अंगावर नववारीवर लोकरीचा स्वेटर. बाजारहाट त्या खिडकीतून दोरीला टोपली सोडून करत.

"पोरी, कंपनी घर विकत द्यायला तयार आहे म्हणे," त्या म्हणाल्या. "हप्त्याने. भाड्याइतकेच हप्ते. मग हे मालक होतील, अर्ज करतील, आणि समिती देईल. हो ना?"

"हो मामी. साहेब तसंच म्हणाले."

"मग यांना सही करायला सांग. माझं ऐकत नाहीत. कागद तीन महिने कपाटात आहे."

मामा वर आल्यावर मी विषय काढला. त्यांनी कपाटातून कागद आणला, माझ्यापुढे ठेवला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "वाच."

मी वाचलं. माझ्या माहितीप्रमाणे या वास्तूवर अन्य कोणाचाही हक्क नाही.

"माज्या म्हायतीप्रमाणं," मामा म्हणाले. "आता मला म्हायती नसती तर गोष्ट येगळी. मला म्हायती हाय. ती रोज बाजारात कोथिंबीर इकते."

ती म्हणजे उम्म सलीम. गावाच्या दुसऱ्या टोकाला, रेल्वेरुळांपलीकडच्या वस्तीत राहणारी, साठीची अरब बाई. हे घर तिच्या वडिलांनी बांधलेलं. लढाईत घरची माणसं पांगली. ती गावातच राहिली, पण गावाच्या दुसऱ्या भागात, आणि लढाईत घर सोडलेल्यांना कायदा गैरहजर धरी, त्या हिशेबाने ती इथे नव्हतीच. मामी धडधाकट होत्या तेव्हा तिच्याकडूनच कोथिंबीर नि पुदिना घेत. एकदा "कुठे राहता" वगैरे बोलणं झालं तेव्हा ती म्हणाली होती, "स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी वर उचलून मग ओढायची, नाहीतर लागत नाही." मामींनी घरी येऊन कडी वर उचलून ओढली. वीस वर्षं न लागणारी खिडकी लागली. मामांना ही बाई कोण ते तेव्हा समजलं.

"अहो, ती काही घर मागत नाही," मामी म्हणाल्या.

"मागत नाय म्हणून तिचं नाय असं मी लिहू?"

"लिहा. तुम्ही लिहिलंत काय, न लिहिलंत काय, तिला मिळणार आहे का?"

"नाय मिळायचं. पण माज्या सहीनं जायचं नाय."

"आणि मी? मी या चार भिंतींत मरू?"

"खोटं लिहून केलेल्या कठड्याला तू हात लावशील?"

"लावीन," मामी म्हणाल्या. "दोन्ही हातांनी लावीन."

मामांनी फूटपट्टी उघडली, मिटली. मला त्या क्षणी त्यांचा राग आला होता हे खरं सांगते. तत्त्व त्यांचं आणि कोंडून राहायचं मामींनी, हे मला पटत नव्हतं. मी तसं बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "बरोबर हाय तुजं," आणि तरी सही केली नाही. माणूस तसा होता. तुम्ही बरोबर आहात हे कबूल करून तो स्वतःचंच करी.

वातावरण हलकं करायला मी म्हटलं, "हिब्रूत मालकाला बआल म्हणतात, नवऱ्यालाही बआलच. तुम्ही एका अर्थी बआल आहातच."

"आपल्यात पण बायका नवऱ्याला मालक म्हणत्यात," मामा म्हणाले. "ती मालकी मी चाळीस वर्सं बघतोय. कोण ऐकतंय?"

मामी हसल्या नाहीत. तव्यावरचं घावन करपलं होतं.

पुढे जे झालं त्याला मी थोडी कारण आहे. त्या रागातच मी यादीच्या नियमांचं पुस्तक घरी नेलं. कचेरीत ते कोणी पूर्ण वाचलं असेल असं वाटत नाही. पहिली चार पानं लागत, ती सगळ्यांना पाठ होती. मागे एक कलम होतं. नवीन काही जोडायचं नाही, पण पूर्वी असलेलं आणि नष्ट झालेलं एखादं अंग जसंच्या तसं पुन्हा बसवता येईल. आणि त्यासाठी मालकच हवा असं नाही, जागा ज्याच्या ताब्यात आहे तोही अर्ज करू शकेल. पुरावा मात्र हवा: छायाचित्र, नकाशा, किंवा स्वतः पाहिलेल्या माणसाचा जबाब.

मामांना पूर्वी कठडा होता असा संशय होताच. पायऱ्यांच्या कडेला चुन्याने बुजवलेल्या चौकोनी खुणा होत्या. अर्जात त्यांनी ते लिहिलंही होतं, पण खुणा म्हणजे पुरावा नव्हे असं उत्तर गेलं होतं. मी पुस्तक घेऊन गेले. अर्जदाराला असली वाट दाखवणं माझ्या कामात बसत नव्हतं. मामांनी ते कलम मला तीनदा वाचायला लावलं. मग टोपी घातली, आणि आम्ही बाजारात गेलो.

उम्म सलीम जुड्या बांधत होती. मामांनी मोडक्या बाजारी हिब्रूत विचारलं, "जिन्याला कठडा होता?"

"होता."

"कचेरीत येऊन सांगशील?"

तिने जुडी पाण्यात बुडवून ठेवली. "तुमच्या कचेरीत मी गेले होते," ती म्हणाली. "माझ्या घरासाठी. दोन तास उभी होते. कोणी खुर्ची दिली नाही. आता तुझ्या कठड्यासाठी का येऊ?"

मला वाटलं, मामा मामींचं दुखणं सांगतील, विनवतील. त्यांनी तसं काही केलं नाही. ते म्हणाले, "खुर्ची मी आणतो."

तिने दुसरी जुडी हातात घेतली. मग तिने विचारलं, "पडली ती तुझी बायको? कोथिंबीर निवडून घ्यायची ती?"

"तीच."

"मंगळवारी येते," ती म्हणाली.

तोवर त्या कलमाखालचा अर्ज गेला होता आणि जबाबाच्या वेळी साहेबांनी कंपनीलाही बोलावलं होतं. मंगळवारी मामा एका काखेत एक, दुसऱ्या काखेत एक अशी दोन स्टुलं घेऊन आले. दुसरं नवीन होतं, ताज्या रंधलेल्या लाकडाचा वास अजून जायचा होता. साहेबांच्या खोलीत ते त्यांनी वकिलाच्या खुर्चीशेजारी मांडलं आणि उम्म सलीमला बसवलं. वकील कंपनीचा, तरुण, घाईत असलेला. इन्स्पेक्टर भिंतीला टेकून. मी कोपऱ्यात इतिवृत्त लिहायला.

उम्म सलीमने सांगितलं. कठडा सरूच्या लाकडाचा होता. सात खांब. वरची दांडी गोल, मधल्या दांड्या चौकोनी. चौथ्या आणि पाचव्या खांबांच्या मधली एक दांडी कापलेली होती.

"इतकं कसं लक्षात?" वकिलाने विचारलं.

"तिथे माझं डोकं अडकलं होतं. मी सात वर्षांची होते. माझ्या वडिलांनी करवत आणली."

"उंची?"

ती उभी राहिली, हात आडवा करून धरला. "तेव्हा माझ्या हनुवटीला लागायचा."

साहेबांनी इन्स्पेक्टरला पाठवलं. घर तिथून पाच मिनिटांवर. अर्ध्या तासाने तो परतला, बोटांना चुना लागलेला. कडेच्या खुणा त्याने टोकरून पाहिल्या होत्या. खाचा सात होत्या, आणि तिसऱ्या खाचेत जुन्या लाकडाचा कुजलेला तुकडा होता. तो त्याने रुमालातून काढून टेबलावर ठेवला. मामांनी तो उचलून नाकाशी नेला. "सरू," ते म्हणाले.

साहेब मला म्हणाले, "लिही. जवळपास राहणाऱ्या एका बाईने जबाब दिला की..."

"एक मिनिट," वकील म्हणाला. "बाईंचं या इमारतीशी नातं काय, हे इतिवृत्तात येता कामा नये. शेजारीण लिहा. शेजारीण पुरे आहे."

"शेजारीण लिही," साहेब म्हणाले.

मामांनी मराठीत विचारलं, "काय लिहायला सांगतायत?"

मी सांगितलं.

"शेजारीण नाय. घर बांधलं त्याची मुलगी. तसं लिही."

मी ते हिब्रूत केलं, पण थोडं मऊ करून. मी म्हणाले, अर्जदाराला वाटतं की बाईंची ओळख जरा नीट नोंदवली तर बरं. माझी नोकरी, आईचं शुक्रवारचं पुटपुटणं, सगळं त्या मऊपणात होतं.

मामा उभे राहिले. आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्या कचेरीत हिब्रूत बोलले. तीच बाजारी हिब्रू, पण या वेळी न अडखळता. "मी असं म्हटलं नाही. मी म्हटलं, ती शेजारीण नाही. ज्याने घर बांधलं त्याची ती मुलगी आहे. कठडा खरा हवा असेल तर ही पण खरी लिहा. नाहीतर दोन्ही राहू द्या."

मग माझ्याकडे वळून मराठीत, हळू आवाजात, "पोरी, भ्यायचं असंल तर भी. पण मी बोललो ते तरी बदलू नको."

उम्म सलीम मांडीवर हात ठेवून माझ्याकडे बघत होती. मी लिहिलं. तिचं नाव, तिच्या वडिलांचं नाव, आणि पुढे: ज्यांनी ही वास्तू बांधली त्यांची कन्या. लिहिलेलं मोठ्याने वाचलं.

"खोडा ते," वकील म्हणाला.

माझा आवाज कुठून आला ते मला माहीत नाही. "इतिवृत्तात खाडाखोड चालत नाही," मी म्हटलं. "नियमात आहे. पहिल्या चार पानांत."

साहेबांनी कपाळ चोळलं. गोळी घेतली. त्या रुमालातल्या तुकड्याकडे बराच वेळ बघितलं. मग कागद ओढला आणि सही केली. वकिलाने लेखी हरकत नोंदवली, आम्ही तीही फाइलला लावली. दोन आठवड्यांनी समितीने परवानगी दिली. महिन्याने माझी बदली पाण्याच्या मीटरच्या खात्यात झाली. तिथे मी सव्वीस वर्षं काढली. आईला मी सांगितलं, बढती आहे.

त्या घराचं पुढे काय झालं तेही सांगून टाकते. मामांनी ते शेवटपर्यंत विकत घेतलं नाही. भाड्याच्या घरातच ते गेले, आणि वर्षभरात मामीही. कंपनीने घर एका वास्तुविशारदाला विकलं. त्याने ती शेवटची ओळ असलेल्या कागदावर सही केली असणार, त्याला खरंच काही माहिती नसेल. फाइलीत आमचं इतिवृत्त होतं. त्याने ते वाचलं का, मला ठाऊक नाही. पण ते कोणी खोडलेलं नाही. निवृत्त होताना मी खाली तळघरात जाऊन पाहून आले.

मला मात्र मामा आठवतात ते कठडा बसवला त्या दिवसाचे. एक गुरुवार होता, सकाळी दहाचा सुमार. मी मीटरच्या खात्यातून रजा काढून गेले होते. उंचीवरून त्यांनी आठ दिवस डोकं खाजवलं होतं: सात वर्षांच्या मुलीची हनुवटी किती उंच? शेवटी रुळांपलीकडे जाऊन त्यांनी उम्म सलीमच्या नातींच्या हनुवट्या मोजल्या. सात वर्षांच्या दोन निघाल्या, एक दोन बोटं उंच. "आमच्या घरात सगळ्या बुटक्या," उम्म सलीम म्हणाली, म्हणून त्यांनी बुटकीची धरली. कापलेली दांडीही तशीच कापून ठेवली.

उम्म सलीम त्या दिवशी आली होती. वर ये म्हटल्यावर तिने मान हलवली. इतक्या वर्षांत ती त्या पायऱ्या चढली नव्हती आणि त्या दिवशीही चढली नाही. तिने खालचा खांब दोन्ही हातांनी धरून जोर लावून हलवला. तिसऱ्या खेपेला म्हणाली, "इथे जरा हलतो. माझ्या बापाचा हलत नव्हता." मामांनी मोगरी आणली आणि आणखी एक पाचर ठोकली. तिने पुन्हा हलवून पाहिला. "आता ठीक," ती म्हणाली.

वरती दारात मामी आल्या. काठी दाराला टेकवून ठेवली. पहिल्या पायरीवर पाय ठेवला, वरची दांडी धरली, आणि तशाच उभ्या राहिल्या. मामा धावत चार पायऱ्या चढले.

"खाली जा," मामी म्हणाल्या.

"अगं, धरतो नुसता..."

"खाली जाऊन उभे राहा."

ते उतरले. मामी एकेक पायरी आल्या. दोन्ही पाय एका पायरीवर आणायचे, दम घ्यायचा, मग पुढची. कापलेल्या दांडीपाशी थांबून त्यांनी त्या फटीतून खाली पाहिलं आणि पुढे आल्या. शेवटच्या तीन पायऱ्या राहिल्या तेव्हा उम्म सलीमने हात पुढे केला. मामींनी तो घेतला नाही. "नको, बाई," त्या मराठीतच म्हणाल्या, "मला माझी उतरू दे." आणि उतरल्या.

रस्त्यावर त्या क्षणभर थांबल्या, डोळे किलकिले करून दोन्हीकडे पाहिलं. मग उम्म सलीमला विचारलं, आज कोथिंबीर कशी आहे. उम्म सलीम म्हणाली, चांगली आहे, निवडून घे. दोघी बाजाराच्या दिशेने निघाल्या, मामी भिंतीला हात लावत, उम्म सलीम त्यांच्या चालीने. मामा मागोमाग दोन पावलं गेले.

"तुम्ही नका येऊ," मामी मागे न बघता म्हणाल्या.

ते तिथेच थांबले, हातात मोगरी, आणि त्या दोघी वळणाआड जाईपर्यंत बघत राहिले.